डायलिसिसनंतर रक्त थांबवायला क्लॅम्प घ्यावा की बनवावा? (बजेट ५०० रु.)

वागळे_वर्कशॉप: बाबांचं डायलिसिस आठवड्यातून तीनदा, ठाण्यातच. डाव्या हाताला फिश्चुला (डायलिसिसच्या सुया टोचायला ऑपरेशन करून धमनीला जोडलेली नस). पूर्वी सुया काढल्या की दहा मिनिटांत रक्त थांबायचं, गेला महिनाभर पंचवीस-तीस मिनिटं लागतात. आई बोळा दाबून बसते, तिची बोटं संधिवाताने वाकडी झालीत. स्प्रिंगचा क्लॅम्प, वेल्क्रोचा पट्टा, की मीच काही बनवू? वागळे इस्टेटला माझं ॲक्रिलिकच्या पाट्यांचं छोटं वर्कशॉप आहे.

नेरुळची_मावशी: बनवू नकोस बाळा. माझ्या भाच्याने बाहेरून क्लॅम्प आणला, साडेतीन हजारांचा. तीन वर्षं झाली, अजून नव्यासारखा. अशा वेळी पैशाकडे बघायचं नसतं.

कळवा_नाका: मावशी, बजेट वाचलंत का? आम्ही शंभर रुपयांचा पट्टा घेतला होता. भावाच्या हाताला बांधून चहाला गेलो, आलो तोवर पाऊण तास. फिश्चुलात गुठळी, थ्रिल (वाहत्या रक्ताची बोटाला लागणारी घुरघुर) गेली. मग डायलिसिससाठी मानेत कॅथेटर (नळी) आणि दुसऱ्या हाताचं ऑपरेशन. पट्टा नकोच.

ऐरोलीकर: यात दोष पट्ट्याचा की चहाचा?

कळवा_नाका: तुमच्या घरी झालं की विचारा.

घोडबंदर_ग्रस्त: चिटोसानचं पॅड लावा, पटकन थांबतं. आम्हाला ट्रॅफिकमुळे घरी जायलाच दीड तास लागतो, सेंटरमध्ये अर्धा तास कोण बसणार?

ऐरोलीकर: चिटोसान कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून काढतात. बाबा माळकरी असतील तर आधी विचारा.

घोडबंदर_ग्रस्त: अंगाला लावायचंय हो, तोंडी लावायचं नाहीये!

ऐरोलीकर: अळंबीपासूनही निघतं, एवढंच सांगत होतो.

टेक्निशियन_दुसरी_पाळी: कोळंबी बाजूला ठेवा. सुई तिरकी जाते, त्यामुळे कातडीवरचं भोक आणि नसेचं भोक एकाखाली एक येत नाहीत, नसेचं जरा पुढे असतं. आम्ही दोन बोटं ठेवतो ती म्हणूनच. बटणाएवढी गोल गादी असलेला क्लॅम्प वरचंच भोक दाबतो. बोळा कोरडा दिसतो आणि आत रक्त साचून हात निळा पडतो. गादी लांबट हवी, खालचं दिसेल अशी. शिवाय स्प्रिंग जाड हातावर जास्त ताणली जाते: तिथे थ्रिल बंद पाडेल, बारीक हातावर गळत राहील. दाबलेलं असतानाही फिश्चुलावर बोट ठेवलं की घुरघुर लागली पाहिजे. दोन्ही ठिकाणी एकदम क्लॅम्प लावू नका. आणि सुई पूर्ण बाहेर आल्याशिवाय दाबायचं नाही, नस चिरते.

पण दहाचे तीस का झाले, ते कोणी विचारलंच नाही. पुढे कुठेतरी नस अरुंद झाली असेल तर असं होतं. मशीनवरचं व्हीनस प्रेशर (रक्त अंगात परत जातानाचा दाब) वाढलंय का? हेपरिन (मशीनमध्ये रक्त गोठू नये म्हणून देतात ते औषध) किती देतात? रक्त पातळ करायची नवी गोळी? डॉक्टरांना सांगून डॉपलर (नसेतला रक्तप्रवाह बघायची सोनोग्राफी) करून घ्या, क्लॅम्प नंतर.

नेरुळची_मावशी: हेच म्हणत होते मी. चांगला क्लॅम्प घ्यावा.

वागळे_वर्कशॉप: गोळी नवीन नाही. व्हीनस प्रेशर मात्र वाढलंय, सिस्टरने वहीतले आकडे दाखवले. डॉपलर शुक्रवारी.

विकतचं काहीच घेत नाहीये. पारदर्शक ॲक्रिलिकची लांबट पट्टी कापली, कडा घासून गोल केल्या, वर आईचा तळवा बसेल अशी मूठ चिकटवली. बांधायला काहीच ठेवलं नाही, दाबायचं हातानेच, म्हणजे कोणी चहाला जाणार नाही. डॉक्टरांनी बघून हो म्हटल्याशिवाय वापरणार नाही.

बाबांना दाखवली तर म्हणाले, "दुकानाच्या पाटीचा तुकडा माझ्या हाताला लावायचा नाही."

कळवा_नाका: चहावरून टोमणा कळला.

नेरुळची_मावशी: वडिलांचं ऐक. भाच्याला विचारू का, अजून एक मिळतोय का ते?