टाइल्स न फोडता वरून लॅमिनेट फ्लोअरिंग करावं का? (बेडरूम)

कोथरूडकर_७९:
मंडळी, रीसेलमध्ये घेतलेला फ्लॅट आहे, सगळीकडे पांढऱ्या दोन बाय दोनच्या व्हिट्रिफाइड टाइल्स. दिसायला ठीक आहेत पण थंडीत सकाळी इतक्या गार पडतात की आई पलंगावरून पाय खाली टेकवायलाच तयार नसते, घरात मोजे आणि चपला घालून फिरते. तोडफोड नकोय, धूळ आणि खर्च दोन्ही नको. दुकानदार म्हणतो आहे त्या टाइल्सवरच लॅमिनेट बसवून देतो, दोन दिवसात दोन्ही बेडरूम मोकळ्या, आणि वर "एकदम वॉटरप्रूफ आहे साहेब". एका बेडरूमला अटॅच्ड बाथरूम आहे. कोणी केलंय का? पाच वर्षांनी कसं दिसतं ते सांगा, नव्याचे फोटो काय सगळेच दाखवतात.

ठाण्याची_लेक:
आम्ही केलं होतं, ८ एमएमचं, सागवानी शेड. पहिली चार वर्षं खरंच छान गेली, पायाला ऊबदार, मुलगा दिवसभर खालीच लोळायचा. मग मे महिन्यात गावाला गेलो ते दहा दिवसांनी आलो, घरी कोणी नव्हतं पण निघताना बेडरूमचा एसी चालूच राहिला होता (कोणाच्या हातून ते विचारू नका) आणि त्याचा ड्रेन पाइप तुंबला. वरून सगळं कोरडं दिसत होतं हो! फक्त कुबट वास. बोट फिरवलं तर प्रत्येक जोड कडेने उचललेला, पाऊल टाकलं की खालून पच्च आवाज. खाली पातळ फोम असतो आणि त्याखाली टाइल, मग पाणी जाणार कुठे. खिडकीकडच्या आठ-नऊ पट्ट्या बदलायच्या म्हटलं तर तो शेड कंपनीने बंद केलेला. आता तिथे पलंग सरकवून झाकलंय.

आणि लादी पुसणाऱ्या ताईंचं काय करणार? आमच्या ताई बादलीत फडकं बुडवून अर्धवट पिळायच्या, दहा वेळा सांगितलं, त्यांचं म्हणणं "ओलं नाही केलं तर मळ कसा निघेल". चूक त्यांची पण नाही म्हणा.

रंधा_आणि_करवत:
मी हेच काम करतो, नाशिकला. दुकानदार वॉटरप्रूफ म्हणतोय ते वरच्या थरापुरतं खरं. आतला गाभा एचडीएफ, म्हणजे लाकडाचा तंतू रेझिन घालून दाबलेला. पाणी जोडातून आत गेलं की तो फुगतो आणि फुगलेला परत बसत नाही, आणि खरं लाकूड जसं घासून पॉलिश करता येतं तसं हे करता येत नाही कारण वरचं लाकूड म्हणजे छापलेला कागद आहे. वाळवीचा त्रास असलेल्या इमारतीत तर मी स्वतःच नको म्हणतो.
बाकी माल वाईट नाही. बिलावर एसी-३ किंवा एसी-४ लिहून घ्या (हा एसी म्हणजे थंड हवेचा नव्हे, घासण्याला किती टिकतं त्याचा ग्रेड), बेडरूमला एसी-३ पुष्कळ झाला. खोके आणून दोन दिवस त्याच खोलीत पडू द्या. भिंतीपासून ८-१० एमएम जागा सोडलीच पाहिजे, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते, घाईत कारागीर सोडत नाहीत आणि मग पावसाळ्यात मधोमध फुगवटा येतो. आधी टाइल्स ठोकून बघा, पोकळ वाजणारी किंवा हलणारी असेल तर ती नीट करा. अटॅच्ड बाथरूमच्या खोलीत एसपीसी घाला, दगडाची पावडर आणि पीव्हीसी, पाण्याने फुगत नाही. पायाला मात्र लॅमिनेटइतकं ऊबदार लागत नाही.

स्टुटगार्टहून_बंड्या:
इकडे भाड्याच्या घरात जिथे तिथे लॅमिनेटच. मुळात ही वस्तू स्वीडनची, १९७७ मध्ये पेर्स्टॉर्प कंपनीने काढलेली, आणि इकडे रोज बादलीने फरशी पुसायची पद्धतच नाही, व्हॅक्युम मारायचा आणि आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेला मॉप. आई आली होती तेव्हा तिने दुसऱ्याच दिवशी खराटा आणि बादली मागितली, मी घाबरून लपवून ठेवली 😄 अजून एक, चालताना टकटक आवाज होतो. फोममध्ये पैसे वाचवू नका, खालच्या मजल्यावरची आजी इथे वर येऊन बेल वाजवते.

कोथरूडकर_७९:
सगळ्यांचे आभार. ठरलं, आईच्या खोलीत लॅमिनेट (तिथे बाथरूम नाही आणि एसी पण नाही), दुसरीत सध्या नुसती सतरंजी. पुसण्याचं काम मीच करणार, बायको हसतेय. पण आत्ता मोजलं तर दाराखाली फट जेमतेम ७ एमएम, आणि फळी ८ अधिक फोम २. आणि भिंतीतलं कपाट आहे त्याच्याखाली घालायचं का?

रंधा_आणि_करवत:
कपाटाखाली नाही, जमिनीला धरलेल्या वजनाखाली पट्टी अडकली की तिला हलायला जागा राहत नाही, कपाटाच्या कडेपर्यंतच आणा. दार काढून तासावं लागेल, सुतार आधी बोलवा. आणि तासल्यावर खालच्या कच्च्या कडेला प्रायमर मारायला सांगा, ते कोणी करत नाही, नाहीतर जुलैत तेच दार फुगून नव्या फ्लोअरिंगवर घासेल.