कॅथलिक-ज्यू संवादात धर्म कशाला आणायचा?

कट्ट्यावरचा:
२८ ऑक्टोबर १९६५ ला व्हॅटिकनच्या परिषदेनं 'नोस्त्रा एताते' हे इतर धर्मांशी असलेल्या नात्याबद्दलचं पत्रक पास केलं, २२२१ विरुद्ध ८८ मतांनी. येशूच्या मृत्यूचा दोष सरसकट सगळ्या ज्यूंवर टाकता येणार नाही असं चर्चनं लिहून दिलं. बरं झालं. पण त्यानंतर दोन्हीकडचे पंडित बसून एकमेकांची श्रद्धा समजून घेतायत त्याचा फायदा मला तरी दिसत नाही. अमेरिकेतले ऑर्थोडॉक्स रब्बाय (ज्यू धर्मगुरू) सोलोवेचिक यांनी १९६४ मध्येच लिहिलं होतं की समाजाच्या प्रश्नांवर चर्चबरोबर खुशाल काम करा पण श्रद्धेवर चर्चा नको, कारण एकीकडे अफाट मोठा समाज आणि दुसरीकडे मूठभर लोक, बरोबरीनं बोलणं होणार कसं? मला हे शंभर टक्के पटतं.

तिरकी_रेघ:
अजिबात नाही पटलं. अहो दोष टाकला होता तो धर्मानंच ना, मग तो काढायला धर्मावर बोलावंच लागणार! झूल्स इझाक हा फ्रेंच इतिहासकार, बायको आणि मुलगी नाझींच्या ऑशविट्झ छावणीत मारली गेली, तो १९६० मध्ये पोप जॉन तेविसावे यांना भेटला तो चर्च ज्यूंबद्दल शतकानुशतकं काय शिकवतंय हे सांगायला. तो गरिबी हटावबद्दल बोलून परत आला असता तर पुढचं काही झालं असतं का?

कट्ट्यावरचा:
इझाकचं मान्य. पण ती तक्रार होती, तत्त्वचर्चा नाही. रब्बाय हेशेल पण १९६४ मध्ये पोप पॉल सहावे यांना भेटले ते नोस्त्रा एतातेच्या मसुद्यात ज्यूंच्या धर्मांतराची आशा होती म्हणून, थोडक्यात आमच्या मागे लागू नका एवढंच सांगायला. आणि इतकी वर्षं बोलून २००८ ला पोप बेनेडिक्टनी जुन्या लॅटिन विधीतली गुड फ्रायडेची प्रार्थना बदलली तर तीत परत ज्यूंना येशू कळू दे आहेच.

तिरकी_रेघ:
आणि २०१५ सोयीस्कर विसरलात. व्हॅटिकनच्याच आयोगानं लिहिलंय की ज्यूंना ख्रिस्ती करायला चर्च वेगळं संस्थात्मक मिशन चालवत नाही, पाठिंबाही देत नाही. हे नुसतं मागे लागू नका म्हणून मिळालं नाही, देवानं ज्यूंशी केलेला करार आजही चालू आहे का यावर वर्षानुवर्षं डोकेफोड झाली तेव्हा मिळालं.

माडाखालून:
मी कॅथलिक, गोव्याचा. तुमचे दोघांचे कागद रोम आणि न्यूयॉर्कचे, आमच्याकडे प्रवचनात यातलं कधी ऐकलं नाही. इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याच्या बहिणीला १५६९ मध्ये गोव्यात जाळलं, आणि तो स्वतः मरून बारा वर्षं झाल्यावर छुपा ज्यू ठरवून १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळली. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, तिथे निवांत बसणाऱ्या किती जणांना हे माहितीये? आधी हे सांगा चर्चमध्ये, करारबिरार नंतर.

सहज_आलो:
सगळे इतिहासातच अडकलाय राव. आताचं भांडण गाझाचं आहे. पोप फ्रान्सिस युद्धात तिथल्या होली फॅमिली चर्चला फोन करायचे, २०२४ मध्ये म्हणाले की हा वंशसंहार आहे का ते तपासावं, त्यावर ज्यू नेते चांगलेच भडकले. जुलै २०२५ मध्ये त्याच चर्चवर इस्रायली मारा, तीन जण गेले. नोस्त्रा एतातेत इस्रायलचं नावसुद्धा नाही, व्हॅटिकननं इस्रायलशी करार केला तो थेट १९९३ च्या डिसेंबरात. म्हणजे साठ वर्षांचा संवाद एका युद्धात गार.

कट्ट्यावरचा:
हेच तर म्हणतोय मी! धर्मचर्चेनं इथे काय वाचवलं?

तिरकी_रेघ:
वाचवलं की. फ्रान्सिस बोलले ते एका सरकारच्या युद्धाबद्दल, ज्यूंनी येशूला मारलं वगैरे त्यात कुठे नव्हतं. शंभर वर्षांपूर्वी रागाच्या भरात चर्चमधून पहिलं तेच आलं असतं. बाकी नेते भडकले तर भडकू देत, भडकूनही परत फोन उचलतात ना.

माडाखालून:
व्हॅटिकनमधले उचलतात हो. ईस्टरच्या आधी आमच्याकडे पॅशन प्ले, म्हणजे येशूच्या मृत्यूचं नाटक होतं, त्यात त्याला मारा म्हणणारी ज्यूंची गर्दी कशी दाखवायची, हे ठरवणाऱ्याला कोण फोन करणार?