पानओव्याचं खोड कुजतंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी ठाण्यात राहते. गेल्या दिवाळीत आईने गावाहून पानओव्याची वीतभर फांदी दिली होती. ती खिडकीतल्या कुंडीत खोचली आणि बघता बघता कुंडी भरून गेली. मुलीला (वय 7) सर्दी झाली की 2 पानं तव्यावर जराशी गरम करून चुरगळते, चमचाभर रस निघतो, त्यात मध घालून देते. नाक लगेच मोकळं होतं असं नाही, पण घशाला आराम पडतो आणि ती रात्री शांत झोपते.

पावसाळा लागल्यापासून झाड बिघडलंय. खालची पानं पिवळी पडून हात लागला तरी गळतात. मातीलगतचं खोड काळं, मऊ झालंय, बोटाने दाबलं तर पाणी सुटतं. शेंडे मात्र अजून हिरवे, लवदार आहेत, वासही तसाच झणझणीत. मी रोज पाणी घालत होते, तेच नडलं असणार.

शेंडे कापून नवीन कुंडीत लावू का? मातीत वाळू किती मिसळावी? आणि या झाडाची वरची चांगली पानं मुलीला द्यायला चालतील का? कृपया लवकर सांगा, आईच्या हातची फांदी आहे, ती जायला नको.