मदत हवी आहे: काकुनीतील मांसाचा थर कोरडा का पडतो?

नमस्कार. नागासाकीच्या शिनची चायनाटाऊनमध्ये मी काकुनी-मांजू, म्हणजे शोयुत (सोया सॉसमध्ये) मुरलेल्या डुकराच्या पोटाकडच्या मांसाचा जाड तुकडा घातलेला वाफाळता मऊ पाव, खाल्ला, तेव्हापासून त्यातली काकुनी, म्हणजे ते मुरलेले मांस, तोक्योतल्या घरी करून पाहण्याचा माझा प्रयत्न चालू आहे. दोनदा केली आणि दोन्ही वेळा एकाच ठिकाणी फसली. चरबीचा थर खरवसासारखा थरथरतो, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्याच तुकड्यातील मांसाचा तांबूस थर मात्र चघळून टाकलेल्या उसाच्या चोथ्यासारखा धागेदार होतो, आणि रस इतका खारट उतरतो की भाताबरोबरही दोन तुकड्यांपलीकडे जाववत नाही.

माझी कृती अशी होती. ६०० ग्रॅमच्या बारानिकुचे (म्हणजे पोटाकडच्या मांसाचे; इथे ते सालीशिवायच मिळते) कच्चे असतानाच चार-चार सेंटीमीटरचे तुकडे केले, तव्यावर सर्व बाजूंनी परतले, आले व नेगीची (जपानी पातीच्या कांद्याची) हिरवी पात घालून पाऊण तास खळखळून उकळले, मग पाणी ओतून देऊन १०० मिली शोयु, तेवढेच साके (तांदळाची दारू), तेवढेच मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोड तांदळाची दारू), थोडी साखर आणि मांस जेमतेम बुडेल इतके पाणी एकदमच घातले आणि रस दाट होईपर्यंत झाकण न ठेवता मोठ्या आचेवर आटवले. कुकरचा सल्ला कृपया देऊ नये, कारण पुण्याहून आणलेला कुकर ॲल्युमिनियमचा आहे आणि इथल्या इंडक्शन शेगडीला त्याचे अस्तित्वच मान्य नाही.

शोयु नेमका केव्हा घालावा, आणि पहिली उकळी तांदळाच्या धुवणातच काढावी असे शेजारच्या आजी सांगतात त्याने खरोखर फरक पडतो का, एवढे दोन प्रश्न आहेत.

प्रतिसाद १

माझ्या मते तुमची चूक शोयुच्या आधीच, खळखळ उकळीत झाली आहे. मांसाला बांधून ठेवणारे कोलॅजन विरघळून त्याचे जिलेटिन व्हायला मंद आच आणि भरपूर वेळ लागतो. मोठ्या उकळीत तोवर धागे आवळतात आणि त्यांतले पाणी निघून जाते. पाऊण तासात चरबी मऊ झाली, मांस झाले नाही. म्हणून अख्खा तुकडाच परतून घ्या आणि पाण्याचा पृष्ठभाग नुसता हलत राहील अशा आचेवर दीड ते दोन तास ठेवा. बांबूची काडी सहज आरपार गेली पाहिजे. नंतर तो त्याच पाण्यात गार होऊ द्या, वर गोठलेली चरबी काढून टाका आणि मगच कापा. कच्चे कापलेले तुकडे आक्रसतात आणि त्यांचे कोपरे झिजतात.

धुवण वापरल्यास उग्र वास कमी होतो असे इथे सर्रास मानतात. मीही वापरते, पण ते नसले म्हणून पदार्थ अडत नाही.

दुसऱ्या टप्प्यात गाळलेले तेच पाणी ४०० मिली घ्या आणि त्यात आधी फक्त १०० मिली साके व तीन मोठे चमचे साखर घालून वीस मिनिटे शिजवा. ५० मिली मिरिन आणि ६० मिली शोयु त्यानंतर, तेही शोयु दोन खेपांत. मीठ मांसाला आवळते असे मानतात, म्हणून गोड आधी मुरू द्यायचे. वर ओतोशिबुता, म्हणजे थेट पदार्थावर टेकणारे झाकण, हवे; लाकडी नसेल तर बेकिंग पेपर भांड्याच्या आकाराचा गोल कापून, मध्ये भोक पाडून थेट मांसावर टेकवा, म्हणजे थोड्या रसातही वरची बाजू कोरडी पडत नाही. रस आटवायचा असल्यास तुकडे बाहेर काढून आटवा.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. तुकडे आत ठेवूनच रस आटवत होते, तो खारट का होत होता ते आता उमगले. शनिवारी रात्री शिजवून रविवारी जेवायला काढले तर चालेल का?

प्रतिसाद १

चालेल काय, तसेच करावे. गार होताना रस आणखी मुरतो. रात्री सोललेली उकडलेली अंडी त्यात सोडा, आणि वाढताना काराशी (तिखट जपानी मोहरी) विसरू नका. ती संपली असेल तर आपली फेसलेली मोहरी घ्या, फक्त अगदी थोडी.