'सिस्ट'ला काय म्हणायचं? गाठ, पुटी की पिशवी?

कोथरूडकर: आत्याच्या एमआरआयमध्ये स्वादुपिंडात 'सिस्ट' निघाली. मी 'गाठ आहे' म्हटलं, तर ती थेट मृत्युपत्रावर आली. बरा शब्द सुचवा.

जुनाशब्द: परिभाषेत 'पुटी'. संस्कृत 'पुट' म्हणजे द्रोण, वेष्टन. बाकरवडीचा 'पुडा' त्याच घरातला. 'ग्रंथी' नको, स्वादुपिंड स्वतःच ग्रंथी आहे. 'गळू'ही नको, त्यात पू असतो.

पेठेतला: पुटी म्हटलं की आत्या विचारणार, "पुरी?" आमच्याकडे सरळ 'पाण्याची गाठ' म्हणतात.

सोनोग्राफीवाली: घोळ तिथेच आहे, दादा. 'पाण्याची' म्हटलं की निदानच करून टाकलं! सीरस प्रकारात खरंच पातळ पाणी असतं, त्यातून कर्करोग जवळजवळ कधीच होत नाही. त्रास नसेल तर हात लावत नाहीत. म्युसिनसमध्ये द्रव बुळबुळीत. ती बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बायकांत, स्वादुपिंडाच्या शेपटाकडे सापडते आणि पुढे बिघडू शकते, म्हणून तब्येतीला झेपत असेल तर सहसा काढतात. रिपोर्टात नाम सोडा, विशेषण शोधा.

कोथरूडकर: 'स्यूडोसिस्ट' लिहिलंय. म्हणजे आभासी पुटी?

पेठेतला: झूमवर दिसते ती?

सोनोग्राफीवाली: 'आभासी' मला पटत नाही. पेशंटला वाटतं, काही नाहीच. पिशवी खरीच असते, फक्त तिला आतून पेशींचं अस्तर नसतं. स्वादुपिंडाला सूज येऊन गेली की या पिशवीची भिंत पक्की व्हायला साधारण 4 आठवडे लागतात. बऱ्याचदा आपोआप जिरते. त्रास देत असेल तर एंडोस्कोपीने जठरात वाट काढून देतात. मी 'बिनअस्तराची पिशवी' म्हणते. आत्यांना आधी सूज आली होती का? नसेल, तर 'स्यूडो' कशावरून, ते डॉक्टरांना नक्की विचारा.

जुनाशब्द: 'बिनअस्तराची' झकास! म्युसिनसला 'श्लेष्मल' चालेल? आणि सीरस-म्युसिनसमधला फरक ओळखतात कसा?

सोनोग्राफीवाली: चालेल, पण पेशंटसमोर 'बुळबुळीत'च बरं. शंका असेल तर एंडोस्कोपिक सोनोग्राफीत सुईने द्रव काढतात. त्यात सीईए नावाचं प्रथिन मिलीलिटरमागे 192 नॅनोग्रॅमच्या वर गेलं तर श्लेष्मल असण्याचा संशय बळावतो. शिवाय एक थेंब हातमोज्यातल्या अंगठा-तर्जनीत धरून ताणून बघतात.

पेठेतला: एकतारी पाक!

सोनोग्राफीवाली: अगदी तसाच. तार आली की बुळबुळीत.

कोथरूडकर: ताई, सूज येऊन गेली होती, दोन महिन्यांपूर्वी. आत्याला 'बिनअस्तराची पिशवी' सांगितलं. म्हणाली, "मग शिंप्याकडे टाका की."