प्रति: बेटांखाली नुसता बेसॉल्टच?
‘इंदुरात कुठेही खणलं की काळा पाषाण लागतो, तसाच ज्वालामुखी बेटांखालीही तळापर्यंत बेसॉल्ट असणार’ हे वरचं म्हणणं काही पटत नाही. एक तर माळव्यातही बेसॉल्ट म्हणजे वरचं पांघरूणच, खाली जुनं खंडीय कवच आहे. आणि जपानच्या इझू-बोनिन द्वीपकमानीखाली (ज्वालामुखी बेटांच्या कमानीसारख्या रांगेखाली) कवच साधारण 20 किमी जाड असून त्याच्या मधल्या थरात पी-लहरींचा, म्हणजे भूकंपाच्या सर्वांत वेगवान लहरींचा, वेग सेकंदाला 6 ते 6.3 किमी भरतो. गॅब्रोत, म्हणजे बेसॉल्टच्याच घटकांच्या पण खोलवर थिजलेल्या खडकात, तो 7 च्या आसपास जातो. म्हणजे मधला थर टोनालाइटसारख्या, सिलिका जास्त असलेल्या खडकाचा. जपानमधल्या तान्झावाच्या डोंगरात तो चक्क उघड्यावर आहे.

खरी गोम तळाशी. शिलारसातून आधी स्फटिक होऊन खाली साचलेल्या पायरॉक्झिनाइट या जड खडकात, कमानीचं कवच जाड असेल तर, दाबाने गार्नेट हे घन खनिज तयार होतं आणि वेग 8 च्या जवळ पोचतो. मग लहरी त्याला प्रावरणात (कवचाखालच्या थरात) मोजतात, खडकांच्या हिशेबात तो कवचाचाच भाग. म्हणून नुसत्या पी-लहरींवर मोहोची, म्हणजे कवच-प्रावरण सीमेची, खोली ठरवू नये, जास्त हळू जाणाऱ्या एस-लहरींच्या वेगाशी गुणोत्तरही बघावं. असा तळ प्रत्यक्ष पाहायचा तर पाकिस्तानच्या कोहिस्तानातलं जिजाल.