अनुभव धागा: आधी देव की घरातलं म्हातारं माणूस?

आईवडिलांची सेवा चालू होती म्हणून पुंडलिकानं विठ्ठलाला विटेवर थांबवलं, हे आपल्याला पाठ आहे. पूजा-वारी एकीकडे आणि घरचं दुखणं दुसरीकडे, असं झालं तेव्हा तुमच्या घरी काय घडलं? तात्पर्य नको, घडलेलं लिहा.

नाना पेठ
तुकोबांची पालखी निवडुंग्या विठोबात मुक्कामाला असते, तेव्हा आमच्या वाड्यात दिंडी उतरते. सासरे अंथरुणाला खिळले त्या वर्षी नको म्हणून कळवलं. बुवा म्हणाले, "माउली, आम्ही अंगणात पडू, त्यांच्या कानावर हरिपाठ तरी पडेल." रात्री दिंडीतल्या एका मावशींनी न सांगता बेडपॅन धुऊन आणलं. धाकट्या दिरांनी तोवर हातही लावला नव्हता. (त्यांचं सोवळं फार कडक.)

कोथरूड
आईला डिमेन्शिया. पूजा झाल्याचं विसरते, पुन्हा निरांजन लावायला जाते. एकदा पडदा पेटला. काड्यापेटी लपवली तर दोन दिवस जेवली नाही. अंघोळीला तर हातच लावू द्यायची नाही. मग देवघरातला रांगता बाळकृष्ण बाथरूममध्ये नेला. "आधी त्याला घाल, मग तुला." आता ती स्टुलावर बसून त्याला न्हाऊ घालते, मी मागून तिच्या पाठीवर तांब्या ओतते. एक भाऊ म्हणतो, देव बाथरूममध्ये नेणं बरं नाही. त्याला म्हटलं, तू ये आणि घाल.

धनकवडी
पुंडलिक पाय चेपत होता तेव्हा चुलीपाशी कोण होतं?

डेक्कन
वरच्या प्रश्नावरून: रोमन लोकांच्या गोष्टीत ट्रॉय शहर जळताना एनियस नावाचा वीर म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो. स्वतःचे हात रक्तानं माखलेले, म्हणून घरचे देव बापाच्या हाती देतो. मुलाचा हात धरतो. बायकोला सांगतो, मागून ये. ती वाटेत हरवते.

बिबवेवाडी
शेजारच्या आजी एकट्या राहतात. मुलगा दर संकष्टीला दगडूशेठला रांगेत असतो, आईकडे फिरकत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्यांकडे मुलाकडून निर्वाहखर्च मिळण्यासाठी अर्ज करता येतो, हे मी सांगितलं. आजी म्हणाल्या, "देवाधर्माचा मुलगा आहे, त्याला तिथं कसं उभं करू?" अर्ज लिहून दिलाय. सही अजून केलेली नाही, पण फाडलेलाही नाही.